पेटीच्या मुलखात पियानो

रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला आणि गोवा पेण-रोह्याच्या खूप जवळ आला. पियानोच्या बाबतीत मात्र हे अंतर अजून कायम आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला, गायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत आले. तिथूनच मुंबईच्या सिनेसंगीताला वादक मिळाले. संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे.

पेण-रोह्याच्या बाजूला मुलांना पहिली भेटते ती पेटी, भजनात किंवा गणपतीच्या आरतीला. तिच्या पट्ट्या पियानोसारख्याच मांडलेल्या असतात: सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या. फरक आवाज निघण्यात आहे. पेटीत भात्याच्या वाऱ्याने पितळी सूर वाजतात आणि एक हात भात्यावरच अडकतो. पियानोत पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर आदळते. बोट हलके पडले तर नाद हलका, जोरात पडले तर दणदणीत. इटलीच्या क्रिस्तोफोरीने सन १७०० च्या सुमारास ही युक्ती साधली. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. दोन्ही हात मोकळे असल्यामुळे एकच माणूस एका वेळी अनेक सुरावटी चालवतो.

पियानोचे हे पाश्चात्त्य संगीत भारतात वाजवणाऱ्याला श्रोताही घडवावा लागतो. गोमंतकीय वंशाचे ब्रिटिश पियानोवादक कार्ल लचमायर यांनी हे ओळखले. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला हा कलावंत वाजवण्याच्या आधी आणि मधे श्रोत्यांशी बोलतो. रचना कशी उभी राहिली, कान कुठे द्यायचा, हे सांगतो. भारतात ते कार्यक्रम करतात, तसे शिकवतातही. नव्या वादकाने घ्यावा तो हा धडा. स्पर्धेतल्या बक्षिसापेक्षा अशा मैफलीतून तयार झालेला श्रोता त्याला जास्त काळ साथ देतो.

श्रोत्यांसोबत वाजवणारी मुलेही घडवावी लागतात. समाजासाठीच्या अशा कामाचा ठळक दाखला पणजीत आहे. डॉ. लुईस डायस हे पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनाने व्हायोलिनवादक. इंग्लंडमधली नोकरी सोडून ते गोव्यात परतले आणि २००९ मध्ये त्यांनी ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ ही संस्था उभी केली. घरी वाद्य घेणे परवडणार नाही, अशा मुलांना तिथे व्हायोलिन, चेलो, बासरी, पियानो आणि समूहगान शिकवतात. इथली मुले एकत्र वाजवायला शिकतात हे विशेष मोलाचे. दुसऱ्याचा सूर ऐकून आपला सांभाळणे ही शिस्त भजनी मंडळातल्या मुलाला नवी नाही.

मग पेण-रोह्यात अडते कुठे? खरा पियानो महाग, वजनाने दोनशे किलोच्या पुढे. त्यात कोकणातला पाऊस. दमट हवेने लाकूड आणि नमदा फुगतो, तारा गंजतात, सूर बिघडतो आणि सूर लावणारा कारागीर तालुक्याच्या गावी सापडणे कठीण. वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो यातल्या बऱ्याच अडचणी टाळतो. त्याचा सूर लावावा लागत नाही आणि हेडफोन लावून रात्रीही सराव करता येतो. खेळण्यातल्या कीबोर्डवर मात्र बोटांना बळ येत नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

असा एक डिजिटल पियानो शाळेच्या सभागृहात किंवा वाचनालयात ठेवला, तर दहा-बारा मुलांना आळीपाळीने वाजवता येईल. पट्ट्यांची आणि सुरांची पहिली ओळख गावातले पेटीवाले बुवा करून देऊ शकतील. स्वरलिपी आणि डाव्या हाताचे काम शिकवायला आठवड्यातून एकदा मुंबई-पनवेलकडचा एखादा तरुण वादक गाडीने येऊ शकेल. त्याच्या प्रवासखर्चाची आणि मानधनाची सोय गावाने करायची.