त्वचेच्या तुकड्यात सापडलेले रोहिणीविकाराचे मूळ

रोहिण्या कठीण होण्याचा आजार पन्नाशीपुढच्यांचा, ही समजूत आम्हा बालरोगतज्ज्ञांमध्येही खोल रुजलेली आहे. काही वर्षांपूर्वी ७ वर्षांच्या एका मुलीच्या कोपरांवर पिवळसर गाठी पाहून मी मलम लिहून दिले. तिचे वडील ३४ व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते, हे मी विचारलेच नाही. पुढे तिचे कोलेस्टेरॉल तपासले, ते ६०० च्या वर निघाले.

या विकाराचे रेण्वीय कारण १९७३-७४ मध्ये डॅलस येथे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी शोधले. रुग्णांच्या त्वचेतील पेशी त्यांनी काचपात्रात वाढविल्या. निरोगी पेशींना एलडीएल कण पुरविले की त्या स्वतः कोलेस्टेरॉल बनविणे आवरतात. या पेशी मात्र बनवीतच राहिल्या. किरणोत्सारी आयोडीनची खूण केलेले एलडीएल वापरताच कारण उमगले. निरोगी पेशींना ते चिकटत होते, यांना नाही. कण पकडून आत घेणारा ग्राही-रेणूच तेथे कार्यरत नव्हता. एवढ्याशा त्वचेने हृदयाचे कोडे सोडवावे, याचे मला आजही नवल वाटते. १९८५ चे नोबेल पारितोषिक याच कार्याला मिळाले.

पेशींनी न उचललेले एलडीएल रक्तात साचते, रोहिणीच्या अस्तराखाली शिरते. ते गिळून भक्षकपेशी फेसाळतात आणि त्यांचाच थर जमतो. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले, तर हे सारे बालपणीच घडते.

ग्राही-रेणू मुख्यतः यकृतात असतात. फेब्रुवारी १९८४ मध्ये पिट्सबर्ग येथे स्टॉर्मी जोन्स या ६ वर्षांच्या मुलीवर हृदय व यकृत यांचे एकत्र प्रत्यारोपण झाले. १००० च्या पुढचे कोलेस्टेरॉल नव्या यकृताने झपाट्याने उतरविले. ती १३ व्या वर्षापर्यंत जगली.

स्टॅटिन आणि २०१५ पासून मिळू लागलेली पीसीएसके-९ रोखणारी इंजेक्शने ग्राही-रेणूंची संख्या वाढवितात. ज्याच्याजवळ ते मुळातच नाहीत, त्याला दोन्ही अपुरी पडतात. एकाच पालकाकडून दोष आलेल्यांना मात्र ती उत्तम लागू पडतात, आणि असे लोक साधारण २५० मध्ये १, म्हणजे आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोजचेच.

त्या मुलीच्या आईला काहीच त्रास नव्हता. तिचे कोलेस्टेरॉल ३१० निघाले. तिला त्याच आठवड्यात स्टॅटिन सुरू झाले. धाकट्या भावाचे रक्त घेताना माझा हात किंचित थरथरला, हे कबूल करतो. त्याचे १४० होते.