लाल पडलेलं पाच रुपयांचं नाणं

पाच रुपयांचं पिवळं नाणं कधीकधी तांब्यासारखं लालसर निघतं. दुकानाच्या गल्ल्यात, देवळाच्या दानपेटीत किंवा नांगरटीत असं नाणं हाती लागलं, की टांकसाळीत ते चुकून तांब्याच्या चकतीवर छापलं गेलं असावं, अशी शंका येते. ‘जुन्या नाण्याचे लाखो मिळवा’ सांगणारे मोबाइलवरचे व्हिडिओ त्या शंकेला खतपाणी घालतात. बहुतेक वेळा टांकसाळीचा त्यात काहीही संबंध नसतो.

हे पिवळं नाणं निकेल-ब्रासचं असतं: ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त, ५ टक्के निकेल. आम्लात किंवा खारट ओलाव्यात ते बराच काळ राहिलं की पृष्ठभागावरचं जस्त आधी विरघळतं आणि तांबं मागे उरतं. पितळी नळाची तोटी लाल पडते तीही याच कारणानं. ही लाली वरवरची असते. म्हणून जिथे नाणं बोटांनी, खिशात घासलं जातं त्या उंच अक्षरांवर आणि कडेवर मूळ पिवळा रंग डोकावतो.

रुपयाचं नाणंही कधी निळं-जांभळं झालेलं सापडतं; जालन्यातल्या कामगाराला हे कोडं लगेच सुटेल. रोलिंग मिल आणि वेल्डिंगच्या या शहरात तापलेल्या पोलादाचे रंग नवे नाहीत. १९९२ पासून रुपयाचं नाणं ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियमच्या स्टेनलेस स्टीलमध्ये येऊ लागलं. त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापल्यावर हा पापुद्रा जाड होऊ लागतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा रंग दिसतो. चुलीत किंवा होमकुंडात पडलेला रुपया असा मोरपंखी होतो. त्यात रंगद्रव्य नाही आणि छपाईची चूकही नाही.

खरी चूक नाण्याच्या आकारात आणि ठशात दिसते. टांकसाळीत पत्र्यातून चकत्या कापतात, त्या तापवून मऊ करतात, कडा उचलतात आणि मग ‘कॉलर’ नावाच्या कड्यात धरून दोन ठशांमध्ये दाबतात. चकती सरकली तर चित्र एका बाजूला जातं आणि उरलेला भाग कोरा राहतो. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याचं उलटं, खोलगट चित्र उमटतं. संग्राहक त्याला ब्रॉकेज म्हणतात. चकती कापतानाच तिचा चंद्रकोरीसारखा तुकडा गेला असेल, तर त्या तुटक्या जागेच्या बरोबर समोरची कड बहुधा बसकी असते, कारण कडा उचलताना तिथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. कानशीनं तुकडा काढणाऱ्याला ही बसकी कड सहसा साधत नाही. दोन नाणी वाइसमध्ये आवळूनही उलटं चित्र उमटवता येतं, पण मग मूळची अक्षरं चेपलेली दिसतात.

चुकीच्या धातूचा किंवा चकतीचा संशय आला तर सराफाचा काटा आणि लोहचुंबक उपयोगी पडतात. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा, दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे. दोन रुपयांचा ठसा रुपयाच्या चकतीवर पडला असेल तर वजन ते सांगेल आणि कडेची अक्षरंही कापली गेलेली दिसतील. अमेरिकेचं १९४३ चं एक सेंटचं नाणं या परीक्षेचं प्रसिद्ध उदाहरण आहे. युद्धकाळात ते जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादावर छापलं जात होतं, पण मोजकी नाणी चुकून कांस्याच्या चकत्यांवर निघाली. पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा देऊन फसवणारे तेव्हापासून आहेत आणि चुंबक त्यांना क्षणात उघडं पाडतं.

मात्र रंगाची प्रत्येक तक्रार फेटाळता येत नाही. चकत्या तापवताना काही बिघडलं तर रंग टांकसाळीतच बदलू शकतो. असं नाणं ओळखणं खरोखर अवघड असतं. तिथे तज्ज्ञच लागतो.

जालना जिल्ह्यात या विषयाला दोन हजार वर्षांची खोली आहे. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. सातवाहनांची शिशाची, तांब्याची आणि पोटिन या मिश्रधातूची नाणी हातोड्यानं ठोकलेली असत. त्यामुळे सरकलेला ठसा तिथे नेहमीचाच, आणि तांब्यावरचा हिरवा थर मातीतल्या शतकांचा. दुहेरी ठसाही तिथे चूक असेलच असं नाही: १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर क्षत्रप नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं मुद्दाम आपला ठसा मारला होता.

असं जुनं नाणं शेतात निघालं तर ते चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नये. हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.