मुखपट्टी आणि लोकमत



उन्हाळा लागला की आपल्या जिल्ह्यात डोक्याला व तोंडाला दुपट्टा बांधल्यावाचून दुपारी कोणी सहसा घराबाहेर पडत नाही. शेतकरी उपरणे गुंडाळतो, मुली सायकलीवरून जाताना ओढणीने चेहरा झाकून घेतात, मळणीयंत्रावर काम करणारा मजूर नाकावर फडके बांधतो. तोंड झाकणे ही गोष्ट आपल्याकडे मुळीच नवी नाही. असे असूनही २०२० साली करोनाची साथ आली व घराबाहेर पडताना नाकतोंड झाकावे असे शासनाने सांगितले, तेव्हा गावोगावी त्याविषयी भिन्न भिन्न मते प्रकट झाली. काहींनी ती सूचना मनापासून पाळली, काहींनी दंडाच्या भयाने पाळली, काहींनी ती हसण्यावारी नेली आणि काहींनी तीस उघड विरोध केला. असे का झाले, याचा विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे. साथ ओसरली, तरी साथी येतच राहतात. आणि गावात नवी सवय रुजविण्याचे काम प्रत्येक वेळी बहुधा शाळेकडेच येते.

प्रथम घटनाक्रम पाहू. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही साथ जगभर पसरल्याचे जाहीर केले. त्याच आठवड्यात, परदेशप्रवासाहून परतलेल्या काही व्यक्तींच्या रूपाने यवतमाळ येथे रोगाचा प्रवेश झाला. शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून उघडण्यास राज्यात मुभा मिळाली. परंतु फेब्रुवारीत अमरावती, अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्णसंख्या एकाएकी वाढली व जेमतेम तीन आठवडे भरलेले वर्ग आपल्याकडे पुन्हा बंद करावे लागले. पहिली ते चौथीच्या बालकांना तर १ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील निर्बंध उठले व मुखपट्टी ऐच्छिक झाली. या दोन वर्षांत मुलांच्या वाचनलेखनाची जी हानी झाली ती भरून काढताना आपण सर्वांनी किती श्रम घेतले, हे येथे सांगावयास नको. शाळा उघडी राहणे व गावाने साथीचे नियम पाळणे यांचा संबंध किती निकटचा आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

मुखपट्टी काय करते

बोलताना, खोकताना, शिंकताना, किंबहुना नुसता श्वास सोडतानाही आपल्या मुखावाटे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात. मोठे तुषार थोड्याच अंतरावर खाली पडतात. अतिसूक्ष्म तुषार बंद खोलीतील हवेत बराच वेळ तरंगत राहतात. रोगाचे विषाणू या तुषारांतून प्रवास करतात. मुखपट्टी ते तुषार उगमापाशीच बऱ्याच अंशी अडविते व बाहेरून येणारेही काही प्रमाणात रोखते. सर्व मुखपट्ट्या मात्र सारख्या नसतात. साधा कापडी रुमाल सर्वांत दुबळा. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर वापरतात त्या तीनपदरी पट्टीचा मधला पदर अतिसूक्ष्म तंतूंचा असतो, त्यामुळे ती अधिक उपयुक्त ठरते. एन-९५ नावाची पट्टी चेहऱ्याला घट्ट बसते व अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडविते. परंतु तिच्या तंतूंवरील विद्युतभार साबणाच्या पाण्याने नष्ट होतो, म्हणून ती धुऊन वापरता येत नाही. पट्टी कोणतीही असो, नाक उघडे राहिले तर तिचा हेतू साधत नाही.

मतभेदाची कारणे

पहिले कारण असे की, मुखपट्टीचा लाभ डोळ्यांना दिसत नाही. उन्हात दुपट्टा बांधला नाही तर त्याचे फळ संध्याकाळपर्यंत मिळते. मुखपट्टी न बांधणाऱ्याला मात्र बहुधा काहीच होत नाही. झाले तर ते घरातील वृद्ध आजीला होते, आणि तेही आठवड्याने. कारण व कार्य यांत एवढे अंतर पडले की सामान्य मनुष्याचा विश्वास डळमळतो.

परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. तेथे धोका दुसऱ्याला नव्हता, फवारणाऱ्याच्या स्वतःच्याच जिवाला होता. तरीही मुखपट्टी, हातमोजे व चष्मा ही साधने फारच थोड्यांजवळ होती, आणि दमट उकाड्यात, डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीतून पाठीवर पंप घेऊन चालताना ती वापरणे बहुतेकांस असह्य वाटत होते. यावरून असे दिसते की, मुखपट्टी न बांधणारा मनुष्य नेहमीच बेफिकीर किंवा स्वार्थी असतो असे नाही. उकाडा, श्वासाची घुसमट, पट्टीची किंमत आणि कामाची घाई हीही खरी कारणे होत. ती ऐकून न घेता केलेला उपदेश वाया जातो.

दुसरे कारण सल्ल्यातील बदलाचे. साथीच्या आरंभी, निरोगी माणसाने मुखपट्टी बांधण्याची आवश्यकता नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. ५ जून २०२० रोजी तिने आपला सल्ला बदलला व साथ पसरलेल्या भागांत सर्वांनी कापडी पट्टी वापरावी असे सुचविले. दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या. लक्षणे नसलेल्या मनुष्यापासूनही रोग पसरतो हे अधिक स्पष्ट झाले होते. आणि रुग्णालयांतील सेवकांसाठीच पट्ट्या अपुऱ्या पडत असल्याने प्रारंभी त्या सर्वांना सुचविणे अवघड होते. ज्ञान वाढले म्हणून सल्ला बदलला, ही शास्त्राची रीतच आहे. परंतु हे कोणी समजावून न सांगितल्यामुळे, ‘काल एक सांगत होते, आज दुसरेच सांगतात’ असा ग्रह लोकांत झाला.

तिसरे कारण लोकलज्जेचे. ज्याने पट्टी बांधली त्याला ‘तुला झाला काय रे?’ असे विचारले जाई. पट्टी हे सावधगिरीचे नव्हे, रोगाचे चिन्ह मानले गेले. क्षयरोगाच्या रुग्णांस हाच अनुभव वर्षानुवर्षे येत आहे. चौथे कारण आपल्या भागाचे विशेष म्हणता येईल. ज्याच्या तोंडात दिवसभर खर्रा आहे व ज्याला घडोघडी थुंकावयाचे आहे, त्याला मुखपट्टी ही अडचणच वाटणार. आणि शेवटचे कारण म्हणजे सक्ती. पोलीस दिसताच हनुवटीवरची पट्टी नाकावर येई व वळण ओलांडताच पुन्हा खाली जाई, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे.

इतिहासाची साक्ष

हे मतभेद केवळ आपल्याच गावचे किंवा केवळ आपल्याच काळचे नव्हेत. १९१० च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस व जाळीचे कापड यांची पट्टी सर्वांनी वापरावी असा आग्रह धरला. त्यांचे म्हणणे न मानणारा एक अनुभवी फ्रेंच डॉक्टर पट्टीवाचून रुग्ण तपासू लागला आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगाने मरण पावला. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. ज्या प्रांतांस त्याचा जबर तडाखा बसला त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाड होता, आणि त्या वेळी आपला जिल्हा वऱ्हाडात मोडत होता. त्याच साथीत अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने मुखपट्टी सक्तीची केली, तर तेथील नागरिकांनी जानेवारी १९१९ मध्ये मुखपट्टीविरोधी संघच स्थापन केला. उलट जपानात सर्दीपडसे झालेल्या मनुष्याने पट्टी बांधून बाहेर पडणे हा शिष्टाचार मानला जातो. उपाय एकच, परंतु समाजाने त्याला कोणता अर्थ दिला यावर त्याचा स्वीकार अवलंबून राहिला.

सक्तीच्या मर्यादा तर महाराष्ट्राला अधिक चांगल्या ठाऊक आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेग आवरण्यासाठी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या गेल्या. हेतू रोगनिवारणाचा होता. परंतु लोकांच्या घराची व स्त्रियांची मर्यादा राखली न गेल्याने प्लेगपेक्षा प्लेगाधिकाऱ्यांचेच भय वाढले व त्या असंतोषाची परिणती रँडच्या वधात झाली.

मन वळविण्याचा एक प्रयोग

नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बांगलादेशातील ६०० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. त्यात सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांचा समावेश होता. निम्म्या गावांत घरोघरी विनामूल्य मुखपट्ट्या दिल्या, त्यांचा उपयोग समजावून सांगितला, बाजारात व मशिदीत भेटून सौम्यपणे आठवण दिली आणि गावातील प्रतिष्ठित मंडळींनी व इमामांनी स्वतः पट्टी बांधून दाखविली. अन्य गावांत पट्टी योग्य रीतीने बांधणारे १३ टक्के होते, तर या गावांत ते ४२ टक्के झाले. भ्रमणध्वनीवरील संदेश किंवा गावाला बक्षिसाचे आमिष यांनी मात्र त्यात विशेष भर पडली नाही. तीनपदरी पट्टी वाटलेल्या गावांत लक्षणांसह सिद्ध झालेला रोग सुमारे ११ टक्क्यांनी घटला व साठीपुढील लोकांत ही घट ३५ टक्के आढळली. कापडी पट्टीचा लाभ मात्र तितका स्पष्ट झाला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डेन्मार्कमध्ये सुमारे ६,००० लोकांवर झालेल्या प्रयोगात पट्टी बांधणाऱ्यांपैकी १.८ टक्के व इतरांपैकी २.१ टक्के लोकांस लागण झाली; एवढ्या अल्प फरकावरून निश्चित निष्कर्ष काढता आला नाही. या प्रयोगात पट्टी बांधणाऱ्याचे स्वतःचे रक्षण तेवढे मोजले होते, इतरांचे नाही. तात्पर्य, मुखपट्टी हे अभेद्य कवच नव्हे व निरुपयोगी फडकेही नव्हे. ती अनेक उपायांपैकी एक आहे. तिच्याविषयी अतिशयोक्ती करणारा शिक्षक पहिल्याच अपवादाला विश्वास गमावून बसतो.

शाळेत काय करता येईल

एक सोपा प्रयोग वर्गात करून दाखवावा. फवारणीच्या लहान बाटलीत रंगीत पाणी भरून ते हातभर अंतरावरील कोऱ्या कागदावर उडवावे. नंतर मध्ये कापडाचा एक पदर, मग तीन पदर धरून तेच करावे. कागदावरील ठिपके मुलांनी मोजावेत व वहीत लिहावेत. विषाणू ठिपक्याहून अत्यंत सूक्ष्म असतो, परंतु तो तुषारावर स्वार होऊन येतो, हेही सांगावे. त्याच पाठात आणखी एक भेद स्पष्ट करावा. साधा दुपट्टा कीटकनाशकापासून रक्षण करीत नाही. औषधाने भिजलेले फडके नाकाशी राहिले तर अपायच होतो. ही गोष्ट मुलाने घरी जाऊन बापाला सांगितली, तर त्या पाठाचे सार्थक झाले.

पाच वर्षांच्या आतील बालकांना पट्टीची सक्ती करू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. आपल्याकडे आणखी एक विचार आवश्यक आहे. कोलाम पोडावरील, गोंड वस्तीवरील किंवा बंजारा तांड्यावरील बालक पहिलीत येते तेव्हा मराठी ही त्याची घरची भाषा नसते. ते गुरुजींच्या ओठांकडे पाहून नवे उच्चार शिकते. कमी ऐकू येणारे मूलही तेच करते. अशा वर्गाला साथीच्या काळात शिकवावे लागले, तर झाडाखाली, मोकळ्या हवेत, अंतर ठेवून शिकवावे व उच्चार दाखविण्यापुरते तोंड उघडे ठेवावे, हा मध्यम मार्ग होय.

पट्टी विसरलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे करू नये, चारचौघांत नावही घेऊ नये. शाळेच्या पेटीत चार स्वच्छ पट्ट्या ठेवाव्यात व त्यातील एक निमूटपणे द्यावी. न बांधणाऱ्या पालकाला प्रथम कारण विचारावे. उकाड्याचे असेल तर मोकळ्या रानात एकट्याने काम करताना पट्टीची गरज नाही, बंद खोलीत व गर्दीच्या गाडीत आहे, असे त्यास सांगावे. लज्जेचे असेल तर सरपंचांनी, आशाताईंनी व आपण स्वतः प्रथम बांधावी. आणि अविश्वासाचे असेल, तर जे निश्चित माहीत आहे तेवढेच सांगावे.

करोनाच्या काळात आपल्यापैकी अनेकांनी तपासणी नाक्यांवर उभे राहून व घरोघरी सर्वेक्षण करून ही मते प्रत्यक्ष ऐकली आहेत. कोणत्या घरी कोणते शब्द उपयोगी पडले व कोणते पडले नाहीत, याची टिपणे प्रत्येक शाळेने शैक्षणिक नोंदवहीत करून ठेवावीत आणि केंद्रसंमेलनात त्यांवर चर्चा करावी. पुढील साथीच्या वेळी नव्याने आलेल्या शिक्षकाला ती टिपणे मार्गदर्शक होतील.