कानाची साक्ष

पडद्याआड माणूस गात आहे कीं यंत्र, हें आपणांस खास ओळखतां येईल, असें प्रत्येकास वाटतें. अमेरिकेंत १९१५ पासून सुमारें दहा वर्षें एडिसनच्या कंपनीनें याच गोष्टीची जाहीर परीक्षा गांवोगांवीं घेतली. रंगमंचावर गायिका व तिच्या शेजारीं फोनोग्राफ. गायिका मध्येंच थांबे, तबकडी तेंच गीत पुढें चालवी. मग दिवे मालवीत. ते पुन्हां लागले कीं गायिका केव्हांच निघून गेल्याचें पाहून श्रोते थक्क होत. मारी रॅपोल्ड हिनें १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें असाच प्रयोग करून दाखविला.

आज त्या तबकड्या ऐकल्या म्हणजे हें खरें वाटत नाहीं. विजेचा ध्वनिग्राहक त्या वेळीं प्रचारांत नव्हता. कर्ण्यांत गावयाचें व आवाजाच्या जोरानेंच सुई हलवावयाची. त्यामुळें फार खालचे व फार वरचे स्वर उमटतच नसत. मग श्रोते फसले कसे? एक तर कांहीं गायिका यंत्राच्या बेतानेंच आवाज लावीत, म्हणजे यंत्रापेक्षां माणूसच नकलाकार! शिवाय ध्वनींत जें उणें असतें तें मन भरून काढतें. मूळ स्वर गाळून केवळ त्याचे उपस्वर ऐकविले, तरी मूळ स्वराचाच भास होतो. टेलिफोनवर जाड आवाजाचा माणूस बारीक आवाजाचा वाटत नाहीं, तो यामुळेंच.

मग कानाला पुरें सत्य नकोच असतें काय? १९४५ च्या सुमारास तशी शंका येऊं लागली होती. रेडिओचें संगीत पूर्ण स्वरविस्तारानें ऐकविलें तर पुष्कळांना तें आवडेना; वरचे स्वर कापलेलेंच गोड लागे. वर्षानुवर्षें तसेंच ऐकून कानाला तीच खोड जडली, असा एक तर्क निघाला.

हॅरी ओल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९४७ सालीं यंत्रच मधून काढून टाकलें. एका खोलींत लहानसा वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवीत बसविला. वादक व श्रोते यांच्यामध्यें त्यानें फिरवितां येतील अशा झडपा ठेविल्या आणि त्या दिसूं नयेत म्हणून पातळ पडदा सोडला. झडपा मिटल्या कीं सेकंदास ५००० कंपनांवरील ध्वनि अडत. उघडल्या कीं संगीत जसेंच्या तसें येई. या वेळीं बहुसंख्य श्रोत्यांनीं निःसंशय पूर्ण संगीतच पसंत केलें!

तेव्हां खोड कानाची नसावी. त्या काळच्या यंत्रांतून वरच्या स्वरांबरोबर जी कर्कश भेसळ येई, तीच कानाला सोसत नसावी. रेडिओची स्वराची कळ खालीं फिरवून ऐकत बसणाऱ्या वडील मंडळींस त्या दिवसांत आम्हीं पोरें बहिरे समजत असूं. पण त्यांचे कान आमच्याहून तिखट होते.