सॅट परीक्षेचा शब्दसंग्रह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेण्यात येणाऱ्या ‘सॅट’ या परीक्षेच्या भाषाविभागासाठी विद्यार्थी जे प्रगत इंग्रजी शब्द हेतुपूर्वक शिकतात, त्यांचा समुच्चय. हे शब्द दैनंदिन संभाषणात क्वचितच येतात. परंतु निबंध, इतिहासग्रंथ, शास्त्रीय लेखन व जुने ललित वाङ्मय यांत ते वारंवार आढळतात. परीक्षा ‘कॉलेज बोर्ड’ (स्थापना १९००) या संस्थेतर्फे घेतली जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पहिली सॅट परीक्षा २३ जून १९२६ रोजी सुमारे ८,००० विद्यार्थ्यांनी दिली. ती तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख कार्ल ब्रिगम (१८९०–१९४३) हे मानसशास्त्रज्ञ होते. विद्यार्थी काय शिकला आहे यापेक्षा त्याची शिकण्याची अभिक्षमता मोजावी, हा परीक्षेचा मूळ हेतू होता व शब्दज्ञान हे त्या अभिक्षमतेचे गमक मानले गेले. ब्रिगम यांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात सैनिकांच्या बुद्धिमापन कसोट्यांवरून वांशिक श्रेष्ठ-कनिष्ठतेचे निष्कर्ष काढले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच ते निराधार असल्याचे मान्य केले.

शब्द पाठ करता येतात, तशी अभिक्षमता पाठ करता येत नाही. म्हणून शिकवणीने गुण फारसे वाढत नाहीत, अशी परीक्षा घेणाऱ्यांची दीर्घकाळ भूमिका होती. तथापि ब्रुकलिन येथे १९३८ पासून शिकवण्या घेणारे स्टॅन्ली कॅप्लन यांनी १९४६ पासून सॅटची तयारी करून घेण्यास आरंभ केला आणि पुढे या तयारीचा मोठा व्यवसाय झाला. ‘बॅरन्स’ प्रकाशनाची ३,५०० शब्दांची यादी अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी घोकली.

प्रश्नांचे बदलते स्वरूप : विरुद्धार्थी शब्द ओळखणे, दोन शब्दांतील संबंधाशी जुळणारी दुसरी जोडी निवडणे आणि वाक्यातील गाळलेली जागा भरणे, असे प्रश्नप्रकार दीर्घकाळ रूढ होते. धावपटूचा मॅरेथॉनशी जो संबंध, तोच वल्हेकऱ्याचा ‘रिगाटा’शी (नौकाशर्यतीशी), असे उत्तर अपेक्षिणारा एक प्रश्न विशेष टीकेचा विषय झाला. ज्या घरांत नौकाशर्यतींची चर्चा होते, तेथील मुलास हा शब्द आपोआप मिळतो. इतरांस संबंध ओळखण्याची कुवत असूनही शब्दच अपरिचित असतो. मग परीक्षा बुद्धीची होते की घरच्या परिस्थितीची, हा वादाचा मुद्दा होय.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅट्किन्सन यांनी २००१ मध्ये या परीक्षेवर जाहीर टीका केली. एका खासगी शाळेत बारा वर्षांच्या आसपासची मुले शब्दसंबंधांचे प्रश्न सोडविण्याचा सराव करीत असल्याचे त्यांनी पाहिले होते. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्ये, शब्दसंबंधांचे २००५ मध्ये व वाक्यपूर्तीचे २०१६ मध्ये वगळण्यात आले. २०२३ मध्ये अमेरिकेबाहेर व २०२४ मध्ये अमेरिकेत परीक्षा संगणकावर घेतली जाऊ लागली. तीत २५ ते १५० शब्दांचे लहान उतारे असतात व संदर्भाला नेमका बसणारा शब्द निवडण्याचे प्रश्न विचारले जातात.

अध्ययनाच्या पद्धती : (१) धातू व उपसर्ग : संस्कृतातील ‘सु’ व ‘दुस्’ या उपसर्गांप्रमाणे लॅटिनमधील ‘बेने’ व ‘माले’ हे घटक अर्थ सुचवितात; त्यांवरून ‘बेनेव्हलंट’ म्हणजे हितेच्छू आणि ‘मॅलेव्हलंट’ म्हणजे अहितेच्छू, हे सहज कळते. मात्र केवळ रूपसाम्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. ‘एनर्व्हेट’ हा शब्द ‘एनर्जी’शी मिळताजुळता वाटतो, परंतु त्याचा अर्थ ‘शक्तिहीन करणे’ असा आहे. (२) कालांतराने उजळणी : जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी १८८५ मध्ये दाखविले, की शिकलेल्या मजकुराचा बराच भाग प्रारंभीच्या काळातच झपाट्याने विसरला जातो. म्हणून एकाच दिवशी शंभर शब्द घोकण्यापेक्षा थोडे शब्द वाढत्या अंतराने पुनःपुन्हा आठवणे अधिक फलदायी असते. (३) संदर्भवाचन : ‘क्वालिफाय’ म्हणजे ‘पात्र होणे’ एवढेच जाणणारा विद्यार्थी ‘क्वालिफाइड’ पाठिंबा म्हणजे अटी घालून दिलेला पाठिंबा, हे ओळखू शकत नाही. शब्दाच्या अशा छटा यादीतून नव्हे, तर वाचनातूनच उमगतात. संगणकीय परीक्षेतील संदर्भाधिष्ठित प्रश्नांसाठी ही पद्धती सर्वांत उपयुक्त होय.

मूल्यमापन : कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२० मध्ये ही परीक्षा प्रवेशातून टप्प्याटप्प्याने वगळण्याचे ठरविले, तर मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०२२ मध्ये ती पुन्हा आवश्यक केली. अमेरिकेत पदवी-शिक्षण घेऊ इच्छिणारे भारतीय विद्यार्थीही ती देतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास यादीतील बहुतेक शब्द घरी ऐकावयास मिळत नाहीत; त्यामुळे त्याचे कमी गुण हे बुद्धीचे नव्हे, तर इंग्रजी वाचनाच्या संधीचे निदर्शक असू शकतात. यादी विकत घेता येते. वाचनाची सवय मात्र लहानपणापासून लावावी लागते आणि त्यासाठी गावोगावी चांगल्या ग्रंथालयांची आवश्यकता असते.