फाटकाचा हिशेब

शिरूर तालुक्यातलं पाबळ म्हणजे पावसाची कायम ओढ असलेलं गाव. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग इथे आले आणि 1983 साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं इथे वर्षभर राहून शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि अभियांत्रिकी ही चारही कामं शिकतात. गावाला लागणारी कामं करून देत, मजुरी घेत शिकायचं, ही इथली रीत.

समजा, एका शेतकऱ्याला लोखंडी फाटक हवंय. मुलं टेप घेऊन जातात, माप घेतात, आकृती काढतात. मग पहिली अडचण येते: माप मीटरमध्ये, पण दुकानदार लोखंड देतो किलोवर. त्यासाठी गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करून 162 ने भागायचं. 12 मिलिमीटरची सळई मीटरला साधारण 890 ग्रॅम भरते. या 162 मध्ये वर्तुळाचं क्षेत्रफळ आणि लोखंडाची घनता दोन्ही दडलेली आहेत. फळ्यावर नकोसं झालेलं गणित असं सळईतून परत येतं, आणि मला तरी तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढे कापणी, वेल्डिंग, घासकाम. चौकट काटकोनात बसली का, हे दोन्ही कर्ण मोजून कळतं. शेवटी रेडऑक्साइडचा हात.

बिलात लोखंड, वेल्डिंगच्या कांड्या, वीज, मजुरी धरायची, आणि मशिनचा घसाराही. तो विसरला तर मशिन बसल्यावर नवं घ्यायला पैसे उरत नाहीत. चांगला हात असलेल्या कारागिराचा धंदाही असा बुडतो. लोखंडाचे पैसे गावाबाहेर जातातच. पण मजुरी गावात राहते, आणि पुढे फाटकाची बिजागरी तुटली तर ती जोडणारा माणूसही गावातच सापडतो.

हीच पद्धत पुढे साध्या शाळांत गेली. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हातकामाचा. शिकवायला शक्यतो गावातलाच कारागीर घ्यायचा आणि शाळा सुटल्यावर त्याच अवजारांवर त्याला स्वतःचा धंदा करू द्यायचा, अशी कलबागांची कल्पना होती. त्यामुळे शाळेची अवजारं धूळ खात पडत नाहीत.

तुमच्या गावातल्या शाळेत असा वर्ग चालत असेल, तर पुढचं फाटक, टाकी किंवा बाकडं बाहेरून आणण्याआधी त्या मुलांना एकदा माप घ्यायला बोलवा. आणि मजुरी पूर्ण द्या.