आवाजाची सावली

दसऱ्याच्या दिवसांत हिंगोलीच्या रामलीला मैदानावर गेलायत ना? पाळणे, धूळ, गरम भज्यांचा वास आणि माइकवरचा तो आवाज, "हॅलो... लो... लो! माइक टेस्टिंग... टिंग... टिंग!" बोलणारे काका एकदाच बोलतात. मग मागून ही शेपटी येते कुठून? साउंडवाल्यांच्या मशीनवर एक बटण असतं, 'इको' नावाचं. ते फिरवलं की झालं. मला कितीतरी वर्षं वाटायचं, ही नुसती जत्रेतली मजा. मग एकदा मी फार जुनं एक अमेरिकन गाणं ऐकलं आणि चमकलेच. त्यातही हीच शेपटी होती, पण इतकी छोटी की आवाजाची सावलीच वाटावी!

त्या गाण्याची गोष्ट ऐका. 5 जुलै 1954. अमेरिकेतलं मेम्फिस शहर, सॅम फिलिप्स यांचा छोटासा 'सन' स्टुडिओ. तिथे तिघं जण. एल्विस प्रेस्ली, वय 19, पोटापाण्यासाठी ट्रक चालवणारा. गिटारवर स्कॉटी मूर. आणि माणसापेक्षा उंच, उभ्यानं वाजवायच्या बास व्हायोलिनवर बिल ब्लॅक. बराच वेळ झाला तरी काही जमेना. दमून सगळे थांबले, तेवढ्यात एल्विस गंमत म्हणून एक गाणं भसाभस गायला लागला. बाकीचे दोघंही त्यात घुसले. शेजारच्या खोलीतून सॅमनी डोकं बाहेर काढलं आणि सांगितलं, हेच पुन्हा करा, पहिल्यापासून!

ते गाणं होतं 'दॅट्स ऑल राइट'. ते मूळचं आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचं, 1946 सालचं. एल्विस त्या गाण्यानं पुढे आला, पण क्रुडप यांना हक्काचे पैसे फारच थोडे मिळाले. हे मला आजही टोचतं, म्हणून त्यांचं नाव तुम्ही लक्षात ठेवाच. कृष्णवर्णीयांचं ब्लूज आणि गोऱ्या खेडुतांची गाणी एकाच पातेल्यात शिजली आणि जे तयार झालं, त्याला पुढे नाव पडलं रॉकाबिली. 'रॉक' आणि 'हिलबिली' यांचा जोडशब्द. डोंगराळ भागातल्या गावकऱ्यांच्या गाण्यांना तिकडे हिलबिली म्हणत.

आता खरी गंमत. त्या गाण्यात ढोलक नाही, ड्रम नाही, काहीच नाही! तरी पाय ठेका धरतात. कसे? बिल ब्लॅक बासची जाड तार बोटानं ओढून सोडायचा. ती फट्‌कन लाकडी पट्टीवर आपटायची. तारेतून सूर निघायचा आणि आपटण्यातून ताल. आपल्याकडे गोंधळात संबळाच्या जोडीला तुणतुणं असतं ना, ते एकदा जवळून बघा. खाली कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं, बाजूला दांडी आणि मधून ताणलेली एकच तार. तुण्‌-तुण्‌-तुण्‌! तीच तार सूर धरते आणि तीच तालही पकडते. बिल ब्लॅकनं तुणतुणं पाहिलं नसणार, पण पाहिलं असतं तर त्यानं नक्की हातात घेतलं असतं.

आणि ती सावली? तिच्यासाठी सॅमनी टेपची युक्ती केली. आजीच्या कपाटात जुनी कॅसेट असेल तर तिच्यातली तपकिरी फीत बघा. तिच्यावर लोहचुंबकाला भुलणारी बारीक भुकटी असते. मशीनचं एक टोक आवाज चुंबकाच्या रूपानं फितीवर लिहितं, पुढचं टोक तो वाचतं. दोन टोकांमध्ये थोडं अंतर असतं, समजा 5 सेंटीमीटर. फीत सेकंदाला 38 सेंटीमीटर पळत असेल, तर लिहिलेला आवाज वाचायच्या टोकाशी पोहोचायला साधारण 0.13 सेकंद लागतात. हा उशिरा आलेला आवाज सॅम मूळ आवाजात पुन्हा मिसळायचे. टेपशी असे खेळ लेस पॉल नावाच्या गिटारवादकानं आधीच केले होते, पण सॅमनी त्या इवल्याशा सावलीलाच गाण्याची ओळख बनवलं.

पुढे ही लाट कुठे कुठे पोहोचली! ओक्लाहोमाची वांडा जॅक्सन नावाची मुलगी मुलांच्या तोडीस तोड रॉकाबिली गायली. इंग्लंडच्या बीटल्सनी कार्ल पर्किन्स या रॉकाबिली गायकाची तीन गाणी आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. आणि रॉकाबिलीचं भावंड असलेलं रॉक अँड रोल मुंबईच्या सिनेमात आणणाऱ्यांत एक मराठी माणूसही होता. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी 1957 च्या 'आशा' चित्रपटात 'ईना मीना डीका' हे गाणं बांधलं. खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या बडबडीवरून ते सुचलं, असं सांगतात. पुढच्या स्नेहसंमेलनात त्यावर नाचाल तेव्हा आठवा.

आता एक प्रयोग. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो. म्हणजे फितीच्या त्या 0.13 सेकंदात 44 मीटर, 22 भिंतीपर्यंत जायला आणि 22 परत यायला. शाळेची मोठी, सपाट भिंत शोधा, समोर मोकळं मैदान हवं. रविवारी, गलका नसताना मी भाचीला घेऊन गेले. अर्ध्या मीटरचं एक पाऊल धरून भिंतीपासून 44 पावलं मोजली. तिनं जोरात टाळी वाजवली.

टाळी... टाळ्‌!

"मावशी, भिंत पण वाजवते!" ती ओरडली, तर तेही भिंतीनं परत दिलं. मेम्फिसची ती सावली आमच्या मैदानात, विजेशिवाय, फितीशिवाय!

मग ती टाळ्या वाजवत भिंतीकडे चालायला लागली. चाळीस पावलं, छत्तीस, तीस... दोन टाळ्या एकमेकींच्या जवळ सरकत गेल्या आणि एका जागी चिकटून एकच झाल्या. ती थांबली, दोन पावलं मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे. किती पावलांवर चिकटल्या ते मी सांगणार नाही. तुम्ही मोजा आणि आम्हाला कळवा.